बोटाला लावलेले यंत्र आणि इफ्तारचा दस्तरखान

रमजानमध्ये फजरची नमाज झाली की कॉलेजला निघेपर्यंत दोन तास हातात असतात. या वर्षी त्या वेळात मी ब्रिटनमधल्या विद्यापीठांतली व्याख्याने ऐकतो आहे. वंश, समता, आरोग्य आणि सामाजिक सलोखा हे विषय तिथे आता बऱ्याचदा एकाच व्याख्यानमालेत येतात. डॉक्टर एका खोलीत आणि समाजशास्त्रज्ञ दुसऱ्या, अशी आपल्याकडची सवय असल्याने मला त्याचे आधी नवल वाटले.

यामागे दोन घटना आहेत. पहिली २००१ ची. त्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधल्या ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. तिन्ही शहरे कापडगिरण्यांवर वाढलेली. पाकिस्तान-बांगलादेशातून आलेल्या कामगारांनी गिरण्यांची रात्रपाळी सांभाळली. पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसे तिथेच राहिली. भिवंडी-मालेगावच्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. टेड कँटल यांच्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. गोरे आणि आशियाई लोक ‘समांतर आयुष्ये’ जगतात, असे त्यात म्हटले होते. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, कामाची जागा वेगळी. तेव्हापासून ‘सलोखा’ हा सरकारी शब्द झाला आणि विद्यापीठांतून त्याचा अभ्यास सुरू झाला.

निदान खोटे नव्हते, पण अर्धे होते असे मला वाटते. लोक एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावरच सगळा भर गेला. स्वस्त, ओलसर घरात राहणाऱ्याने ती वस्ती हौसेने निवडलेली नसते, हे मागे पडले.

दुसरी घटना कोविडची. ब्रिटनमध्ये मरण पावलेले पहिले दहा डॉक्टर वांशिक अल्पसंख्याक समाजांतले होते. जून २०२० च्या सरकारी अहवालात वय, लिंग आणि गरिबी हिशेबात धरूनही बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट दिसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरबद्दलचा अभ्यास छापला. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजते. त्वचेतले रंगद्रव्य त्या प्रकाशाच्या आड येते, आणि यंत्राचे माप मुख्यतः गोऱ्या माणसांवर जुळवलेले. आकडा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली गेलेला, असे गोऱ्या रुग्णांत शंभरात सुमारे चार वेळा, तर कृष्णवर्णीयांत सुमारे बारा वेळा आढळले.

ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी यावर चौकशी लावली. त्यांचे वडील पाकिस्तानातून आलेले, रॉचडेलला बसवर काम केलेले. चौकशीचे काम लिव्हरपूल विद्यापीठाच्या प्राध्यापक मार्गारेट व्हाइटहेड यांच्याकडे गेले. मार्च २०२४ मध्ये आलेल्या अहवालाने सावळ्या त्वचेवर यंत्र आकडा वाढवून दाखवू शकते हे मान्य केले. त्यामुळे ब्रिटनमध्ये रुग्णांना प्रत्यक्ष अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेत मात्र तसे पुरावे आहेत, हेही अहवालाने स्पष्ट सांगितले. या यंत्रात कोणाचा द्वेष नाही. बनवताना आपली आठवणच झाली नाही, एवढेच.

लंडनमध्ये ‘सोआस’च्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये तंबू ठोकून खुला इफ्तार सुरू केला. कोणीही यावे, बसावे, जेवावे. आज तो ट्रॅफल्गार चौकात होतो. ऑगस्ट २०२४ च्या आसपास साउथपोर्टच्या तीन मुलींच्या हत्येनंतर खोटी अफवा पसरली आणि मशिदींवर हल्ले झाले, तेव्हा लिव्हरपूलच्या मशिदीचे इमाम ॲडम केलविक बाहेर निदर्शकांसाठी जेवण घेऊन गेले. आपल्याकडच्या पुढाऱ्यांसोबत फोटो काढायच्या इफ्तार पार्ट्यांशी याची तुलना करवत नाही. म्हणून दस्तरखानाला मी कमी लेखणार नाही. फक्त सलोख्याच्या नावाखाली दस्तरखान मांडायचा आणि यंत्राचा प्रश्न डॉक्टरांवर सोडून द्यायचा, ही वाटणी मला पटत नाही. एकत्र जेवलेल्या माणसाच्या बोटावरचा आकडा चुकला, तर त्याची काळजी शेजाऱ्यालाही वाटायला हवी. ही व्याख्याने तेच करू पाहतात. त्यांत एक उणीव जाणवते: श्रोते बहुतेक विद्यापीठातलेच. बर्नलीचा बंद गिरणीतला म्हातारा तिथे कुठून येणार?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या मामूंच्या बोटावरचे यंत्र ९४ दाखवत होते आणि मामू धापा टाकत होते. आम्ही आकड्यावर विश्वास ठेवून एक रात्र थांबलो. ते दवाखान्यातून परत आले नाहीत. तो आकडा खरा होता की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. यंत्राचा खोका अजून कपाटात आहे. परवा मुलीने त्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या. नखाला नेलपॉलिश नसावे, हात गार नसावा, एवढे लिहिले आहे. त्वचेच्या रंगाबद्दल एक ओळही नाही.