थांबायला न शिकलेली सायकल

गोव्यात सायकल म्हटली की आमच्या पिढीला पोदेर आठवतो. पहाटे पों-पों करत येणार, मागे पावांची टोपली. आज पोदेर कमी झाले असतील, पण त्यांची सायकल मला अजून सायकलीची व्याख्या वाटते. कारण ती दारोदार थांबायची. "बाय, किती पाव?" एवढ्या दोन शब्दांत वाड्यावरच्या आजारपणापासून लग्नापर्यंतच्या सगळ्या बातम्या इकडून तिकडे जायच्या.

हे आठवायला कारण घडले ते आदिलाबादला. माझा मेहुणा महाराष्ट्रातल्या एका सायकल क्लबात आहे. गेल्या डिसेंबरात त्यांची हिवाळी राइड होती, आदिलाबाद ते इंद्रवेल्ली आणि परत. मलाही हौस आली. सायकल उसनी, हातमोजे उसने, थंडी मात्र अस्सल! तेलंगणातला हा सगळ्यात गारठणारा मुलूख, आमच्यासारख्या दमट हवेतल्या माणसाचे दात वाजले.

आधी चांगले ते सांगतो. क्लबातली माणसे मायाळू होती. कुणाचे पंक्चर झाले तर चार जण थांबत, सगळ्यात मागच्या माणसासोबत कुणीतरी राहीच. वाढदिवसाचा केक झाला, गाणी झाली. पण हा सगळा जिव्हाळा एकाच रंगाच्या जर्सीच्या आत! गुडीहत्नूरला महामार्ग सोडून आत वळलो, तिथे एका टपरीवर गरम भजी तळत होती. आमचा नाश्ता मात्र शहरातून डब्यांत भरून मागच्या गाडीतून आलेला. टपरीसमोरच उभे राहून आम्ही आमचेच थंडगार पोहे खाल्ले. टपरीवाला बघत राहिला.

तिथे बाकावर एक म्हातारे बसले होते. आमचे बोलणे ऐकून म्हणाले, "कोठून आले जी? राजुऱ्याचे का?" मी म्हटले, "नाही काका, गोव्याचे." ते हसले. त्यांची बहीण राजुऱ्याला दिलेली. राजुरा पूर्वी याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट तालुके मराठी म्हणून मुंबई राज्याकडे गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. एका घराच्या मधून रेघ गेली. भाषेवरून माणसांची वाटणी कशी होते हे आम्हा गोंयकारांना कुणी वेगळे समजवायला नको. मी पुढे विचारणार, तेवढ्यात शिटी वाजली. निघा! आणि मी निघालो. काकांचे वाक्य अर्धे राहिले. हा दोष क्लबाइतकाच माझाही आहे.

इंद्रवेल्लीला तर कहर झाला. तिथे हुतात्मा स्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, इतर लोक कितीतरी जास्त सांगतात. आम्ही तिथे काय केले? सायकली डोक्यावर उचलून फोटो काढला! कसला स्तंभ, हे एकानेही विचारले नाही.

क्लबवाले म्हणतील, आम्ही व्यायामाला येतो, इतिहासाच्या सहलीला नाही. मान्य. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे ब्रेव्हे असेल तर घड्याळच मालक, तिथे मी तोंड उघडणार नाही. पण ही राइड 'सोशल' म्हणून जाहीर केलेली होती. सोशल म्हणजे फक्त आपल्यातच सोशल? मग शहरातल्या मैदानाला फेऱ्या मारल्या असत्या तरी चालले असते. दुसऱ्याच्या गावातला रस्ता, थंडी आणि धुके घ्यायचे, आणि त्या गावाला एक कप चहाचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत, याला मी खेळ म्हणत नाही, फुकटेपणा म्हणतो.

त्याच मुलखात केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्यासाठी मेस्राम कुळाचे गोंड लोक गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात, वाटेत मुक्काम करत. तीही हिवाळ्यातली सामूहिक यात्राच की! पण तिला वाटेवरची गावे ओळखतात. आमची राइड गेली ती कुणाच्या लक्षातही राहिली नसेल. राहिली असलीच तर त्या टपरीवाल्याच्या, आणि ती चांगल्या अर्थाने नव्हे.

माझे मागणे फार नाही. नाश्त्याची गाडी घरी ठेवा. वाटेतल्या टपरीवर खा. अर्धा तास शिटी खिशात ठेवा आणि समोरचा बोलतोय ते संपेपर्यंत ऐका. मोटारीतून हे जमत नाही, सायकलवरून जमते. पोदेराला ते कुठल्याही क्लबाने शिकवले नव्हते.

असो. पुढच्या थंडीत मी पुन्हा गुडीहत्नूरला जाणार आहे, क्लबाशिवाय. काकांचे अर्धे वाक्य ऐकायचे राहिले आहे.