विश्लेषण : दुकान-गोदामाचे दार आतून किल्लीशिवाय का उघडले पाहिजे?

पुणे-सातारा महामार्गाने खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा (आता राजगड तालुका) रस्ता फुटतो आणि पुढे कापूरहोळहून भोरचा. या पट्ट्यात दुकाने, गोदामे, हॉटेले, मंगल कार्यालये उभी राहत आहेत. बहुतेकांचे दर्शनी रूप ओळखीचे : पावसाचे पाणी शिरू नये म्हणून उंच घेतलेले जोते, दोन-तीन पायऱ्या आणि रुंद रोलिंग शटर. रात्री त्या शटरला बाहेरून कुलूप. चोर आत येऊ नये, याची सोय यात झाली. पण आग लागली तर आतला माणूस बाहेर कसा येणार आणि व्हीलचेअरवरचा माणूस आत कसा जाणार, हे प्रश्न उरतातच. कायद्यात दोन्हींची उत्तरे आहेत.

उरुळी देवाचीत काय घडले होते?

९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कपड्यांच्या एका दुकान-गोदामाला आग लागली. आत झोपलेल्या पाच कामगारांचा मृत्यू झाला. दुकानाला बाहेरून कुलूप होते. ज्या कुलपाने माल राखायचा होता, त्यानेच माणसे अडकली. परगावाहून आलेल्या कामगारांना दुकानातच झोपायला सांगायचे, म्हणजे राखणही होते आणि खोलीचे भाडेही वाचते, ही पद्धत राज्यात अनेक ठिकाणी आहे.

उरुळी देवाची हे ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलेल्या ११ गावांपैकी एक. म्हणजे गावात बाजारपेठ आधी वाढली आणि शहराची यंत्रणा मागून पोहोचली. भोर-वेल्ह्याचा महामार्गालगतचा भाग आज साधारण त्याच टप्प्यावर आहे, म्हणून ही घटना इथल्यांनी लक्षात ठेवायला हवी. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात, उरवडे येथील कारखान्यात ७ जून २०२१ रोजी लागलेल्या आगीत १७ कामगार गेले. त्यात बहुतेक महिला होत्या. तेथे आत पोहोचण्यासाठी जेसीबीने भिंती फोडाव्या लागल्या.

शटर हे दार नाही का?

व्यवहारात आहे, सुटकेच्या हिशेबात नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच हवे. ते खोलीच्या बाहेरच्या बाजूला उघडावे आणि आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता यावे. सभागृहासारख्या गर्दीच्या जागी रुंदीची अट दोन मीटरची आहे. वर गुंडाळले जाणारे किंवा सरकते दार सुटकेचे दार म्हणून संहितेला चालत नाही. शटर उचलायला जोर लागतो, उष्णतेने पट्ट्या वाकल्या की ते खाचेत अडकते आणि कुलूप जमिनीलगत बाहेरून असेल, तर आतला माणूस काहीच करू शकत नाही.

दार बाहेर उघडण्याची अट कशासाठी? घाबरलेली गर्दी पुढच्यांना दारावर रेटते. दार आत उघडणारे असेल, तर ते ओढायला कुणाला मागे सरकताच येत नाही. शिकागोतील इरोक्वॉय थिएटरच्या १९०३ मधील आगीत ६०० हून अधिक लोक मेले, त्यानंतर दारावरची आडवी दांडी, म्हणजे ‘पॅनिक बार’, घडवली गेली आणि १९०८ च्या सुमारास बाजारात आली. अंगाचा भार पडला तरी दार उघडते. बाहेरच्या बाजूने मात्र ते कुलूपबंदच राहते. चोराची भीती आणि कामगाराचा जीव यांत एकच निवडावे लागते, हा समज त्यामुळे टिकत नाही. राजगड-तोरण्याचे दरवाजे येणाऱ्याला अडवण्यासाठी बांधले होते आणि त्या काळी ते योग्यच होते. गोदामाच्या मागच्या दाराचे काम नेमके उलटे आहे.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या दारांचे काय?

बँका, रुग्णालये आणि कार्यालयांत आता चुंबकीय कुलपे दिसतात. विजेवरची कुलपे दोन प्रकारची असतात : वीज गेली की उघडणारी आणि वीज गेली तरी बंद राहणारी. चुंबकीय कुलूप पहिल्या प्रकारचे, म्हणून ते सुरक्षित समजले जाते. पण तेच इन्व्हर्टरवर जोडले, तर वीज जाऊनही चुंबक दार धरूनच ठेवते. म्हणून अशा कुलपाची जोडणी आगीच्या अलार्मशी हवी आणि दाराशेजारी थेट वीज तोडणारे बटणही हवे. कुलूप बसवणाऱ्याला हे विचारले जात नाही; विचारला जातो तो हजेरीचा अहवाल.

व्हीलचेअरचा नियम खासगी दुकानालाही लागू आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांच्या वापरातल्या खासगी इमारती, कामाच्या जागा आणि व्यापारी जागाही येतात. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र देता येत नाही. जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत प्रवेशदाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि उताराचे प्रमाण जास्तीत जास्त १:१२ असे आहे. याचा हिशेब करून पाहा. तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर उंची असेल, तर उतार ५.४ मीटर लांब हवा. दुकानापुढे एवढी जागा बहुधा नसते, म्हणून मग दुचाकी चढवण्यापुरती एक उभी घसरगुंडी ओतली जाते आणि तिलाच रॅम्प म्हटले जाते. जोते बांधतानाच विचार केला, तर दर्शनी भिंतीला समांतर उतार बसू शकतो. नंतर तोडफोड करावी लागते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात एक मोठी पळवाट दाखवून दिली. केंद्राच्या नियम १५ मुळे सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठरत होते. तो मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून न्यायालयाने किमान बंधनकारक निकष तयार करण्यास सांगितले.

तपासणी कोण करणार?

खरी अडचण इथे आहे. भोर शहरात नगरपालिका आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो. बांधकामाची तपासणी परवानगी आणि भोगवट्याच्या टप्प्यावर होते, आणि अनेक जण ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीलाच परवानगी समजतात. ज्याने भोगवटा प्रमाणपत्र मागितलेच नाही, त्याच्या दारापर्यंत कलम ४४ पोहोचत नाही.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा जागेचा वापर करणाऱ्यावर टाकली आहे. त्यामुळे गाळा भाड्याचा आहे, ही सबब चालत नाही. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. ते देणारा माणूस सहसा दिवसा येतो. तेव्हा शटर वर असते आणि मागचे दार, असलेच तर, उघडे असते. मालकाने रात्रीचे कुलूप लावल्यावर आत कुणी उरले आहे का आणि ते कुठून बाहेर पडतील, हे त्या भेटीत दिसत नाही.