घोडे मोजताना



या पाडव्याला मी आणि माझा चुलतभाऊ पुण्याहून निंबर्ग्याला गेलो ते त्याच्या दोन सीटच्या गाडीतून. सेकंड-हँड मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर, ऑटोमॅटिक. कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर: इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप, जो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. कंपनीचा आकडा १६३ हॉर्सपॉवर. भावाने महिन्याभरापूर्वी ती 'ट्यून' करून घेतली होती आणि ट्यूनरने दिलेला कागद लॅमिनेट करून सोबत आणला होता. आधी १६३, नंतर २००.

अंगणात काकांनी बॉनेटवर हात ठेवला. "सदतीस घोडं वाढलं म्हणं? दिसंना तर एकबी."

यात गंमत एवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. भावाला आता दुसरा टप्पा करायचा होता. लहान पुली, म्हणजे सुपरचार्जर आणखी जोरात फिरणार. त्यासाठी तो फ्लॅटच्या डाउन पेमेंटच्या पैशांना हात लावणार होता. वहिनीला हे माहीत नव्हतं. मला होतं, म्हणून मला तो कागद नीट वाचावासा वाटला.

काकांना आधी हॉर्सपॉवर समजावून सांगावी लागली. पंचाहत्तर किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं, तो एक घोडा. (ही मेट्रिक व्याख्या, सुमारे ७३५ वॅट. जेम्स वॉटचा मूळ ब्रिटिश घोडा किंचित दणकट, ७४६ वॅटचा.) काका म्हणाले, "मग आमचे हमाल अर्धा घोडा तरी हायेत."

आता कागद. डायनोवर गाडीची मागची चाकं रोलरवर फिरतात, म्हणजे मोजली जाते ती चाकांवरची ताकद. कंपनी सांगते ती इंजिनवरची. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल आपापला हिस्सा खातात. ऑटोमॅटिकमध्ये तर क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलातून ताकद पुढे जाते, थोडी घसरते आणि तेल तापवते. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: चाकांवर १४८, लॉस २६ टक्के. १४८ ला ०.७४ ने भागलं की बरोबर २०० येतात. तो २६ कुणीतरी कीबोर्डवरून टाकलेला आकडा. १८ टाकला असता तर १८० आले असते. आणि 'आधी'चे १६३ मोजलेलेच नव्हते, ते माहितीपत्रकातले. आमच्या ऑफिसात कुणी असा बेंचमार्क दाखवला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

माझ्याकडे मात्र 'आधी'चं मोजमाप होतं. दिवाळीला याच गाडीने येताना सोलापूर-अक्कलकोट चौपदरीवर, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, उगाच हौस म्हणून जीपीएस लॉगर लावला होता. ६० ते १००, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, म्हणजे चढ-उतार आणि वारा एकमेकांना कापतात. पेडल ६० च्या आधीच पूर्ण दाबायचं, किकडाऊन होऊन जाऊ द्यायचं. नाहीतर आपण गाडी नाही, गिअरबॉक्सचा आळस मोजतो. सरासरी ४.८ सेकंद.

पाडव्याला येताना त्याच पट्ट्यावर दुपारी मोजलं. पुन्हा ४.८! भावाचा चेहरा पडला. मला दोष द्यायचा होता तो उन्हाला. सुपरचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते, इंटरकूलर ती थंड करतो. पण बाहेरच चाळीसच्या आसपास असेल आणि तासभर गाडी पळालेली असेल तर इंटरकूलर तरी काय करणार? गरम हवा विरळ, शिवाय नॉकिंग टाळायला संगणक ठिणगी उशिरा देतो. म्हणून डायनोचे आकडेसुद्धा ठरावीक तापमान आणि दाबावर दुरुस्त करून घेतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत तिथे गेलो. पेट्रोल त्याच ग्रेडचं, टायरची हवा तीच. ४.४ सेकंद.

मग वजन. गावाजवळच्या काट्यावर, दोन उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधे एसएलके उभी केली. काटेवाल्याने "माल काय?" विचारलं. आम्ही दोघे आणि सामानासकट १,५४० किलो. दिवाळीच्या सामानाचा अंदाज साधारण तेवढाच. ६० वरून १०० ला जायला ३.८ लाख ज्यूल लागतात. वेळेने भागलं, हवेचा आणि टायरचा विरोध म्हणून आठेक किलोवॅट मिळवले: आधी ११८, नंतर १२८. हे चाकांवरचं आणि सरासरी, शिखराचं नव्हे. पण वाढ सदतीस नाही, दहाच्या आसपास. शिखराला फार तर पंधरा.

परतताना भाऊ टेंभुर्णीपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "तुला एवढं मोजायची गरज होती का?" मी म्हटलं, नव्हती. खरं तर होती, पण गाडी तो चालवत होता.

पुण्यात त्याने ट्यूनरला मूळ प्रोग्राम परत टाकायला लावला. एकाच दिवशी, त्याच रोलरवर, पंखा लावून, चौथ्या गिअरमध्ये (या गिअरबॉक्सचं चौथं म्हणजे सरळ एकास एक), मधे गाडी थंड करून तीन-तीन रन. मूळ १३३, ट्यून केलेली १४८. पंधरा घोडे. खरे, पण त्या पैशांत महाग. लहान पुलीचा विषय त्याने काढला नाही, आणि डाउन पेमेंट गेल्या महिन्यात भरलं. वहिनीला अजूनही काही माहीत नाही. ती हे मासिक वाचत नाही, असं मी धरून चाललोय.

परवा काकांचा फोन आला. मेकॅनिक म्हणतोय, ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून देतो, पाच घोडे जास्त मिळतील. काकांनी त्याला थांबवलंय. पाऊस पडून वाफसा आला की आधी आहे तसाच ट्रॅक्टर, तोच नांगर, एक एकर, डिझेल कॅनने मोजून. मग पंप वाढवून शेजारचा एकर. घड्याळ माझं हवंय म्हणाले.