पत्र्याखालची म्हातारी मांजर



या वेळच्या आरोग्य पानावर मांजरांविषयी लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या महिला मंडळातल्या एका ताईंनी सरळ विचारलं, "बाई, इथं माणसं उन्हानं पडतात आणि तुम्हाला मांजर कुठून सुचलं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी सांगते, ते कुठून सुचलं.

मागच्या मे महिन्यात मी आमच्या मुक्ताईनगरच्या एका वस्तीत म्हाताऱ्या माणसांचा बीपी बघत फिरत होते. दुपारचे तीन वाजले असतील. एका पत्र्याच्या खोलीत सत्तरीपुढच्या आजी एकट्या होत्या. मुलगा आणि सून केळीच्या कामाला गेलेले. मोरीच्या ओल्या फरशीवर त्यांची मांजर आडवी पडली होती. मनी तिचं नाव, वय तेरा. नातू पोटात असताना घरात आली, म्हणून आजींना तिचं वय पाठ. तोंड उघडं, जीभ बाहेर, कुत्र्यासारखी धाप. आजी म्हणाल्या, "दोन दिवस झाले, खात नाही. म्हातारी झाली माय, जायचीच आता."

मी मनीच्या हिरड्यांना बोट लावलं. कोरड्या, चिकट. पोटाला, पंजांना पाणी लावलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. ती जरा सावरल्यावर सवयीनं आजींची जीभ पाहिली, तर तीही तशीच कोरडी. सकाळपासून एक पेला पाणी प्यायल्या होत्या. का, तर सार्वजनिक संडास लांब, गुडघे दुखतात, उन्हात जायला नको, म्हणून पाणीच कमी प्यायचं. आणि मनी? ती पूर्वी मागच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या मातीत जायची. आता तिला उडी जमत नाही, अंगणातल्या फरशीनं पंजे भाजतात. तीही धरून ठेवत होती. एका खोलीत दोन म्हाताऱ्या, दोघींचा आजार एक. मी सोळा वर्षं वॉर्डात काढली, पण हे मला त्या मांजरीमुळे दिसलं. आजी म्हणत होत्या, "मला काही नाही."

आता ताईंच्या प्रश्नातली खरी बोच. आपल्या घरात "मांजराला पाणी पाजा" हे वाक्य जरा टोचतंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर गुराढोरांना बंदी नव्हती, आपल्या पणजोबांना होती. कुत्र्यामांजराला जे पाणी मिळतं ते आपल्याला नाही, हे आपल्या माणसांनी अंगावर सोसलेलं आहे. त्यामुळे प्राण्यांची कणव आणि शेजारच्या माणसाचा विटाळ एकाच घरात नांदताना पाहून चीड आली, तर ती खरीच आहे. पण ती चीड माणसाला खाली ढकलणाऱ्यांवर होती. मांजरानं आपलं पाणी कधी अडवलं नव्हतं. आणि पंचशीलातलं पहिलं शील रोज म्हणताना आपण त्यात फक्त माणूस मोजत नाही. मला वाटतं, ज्यांना पाणी नाकारलं गेलं त्यांच्याच दारात पाण्याचं भांडं आधी दिसावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही पुढचं वाचावं, कारण त्यातलं निम्मं तुमच्या आईलाही लागू आहे.

मांजराचं शरीर कसं चालतं ते थोडं सांगते. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी ते अंग चाटतं आणि ओल्या केसांवरचं पाणी उडून गार होतं. म्हणून तोंड उघडून धापा टाकणारं मांजर म्हणजे "गरम होतंय त्याला" एवढ्यावर सोडायची गोष्ट नाही. कुत्रं धापतं ते रोजचं, मांजर धापलं की घाबरायचं. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज वाळवंटी रानमांजरं. त्यांना पाणी कमी लागायचं, शिकारीच्या मांसातूनच मिळायचं. त्यामुळे मांजराला तहान मुळातच उशिरा लागते. तरुणपणी ते चालून जातं. दहा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाचं साधारण पंचावन्न-साठ वय, पंधराचं म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढचं. या वयात मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार फार असतो. मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही, लघवी जास्त जाते, आणि उन्हाळ्यात तेवढं पाणी आत येत नाही. सांधे दुखतात म्हणून अंग चाटणं कमी होतं, केसांच्या गाठी होतात, म्हणजे गार व्हायचा उरलेला मार्गही बंद. म्हाताऱ्या माणसाचं काय वेगळं असतं? तहान कळत नाही, उठवत नाही, कुणाला सांगवत नाही.

हवामान खातं सपाट प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट म्हणतं. तो पारा सावलीतला, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतला. आपल्या पत्र्याखाली कुणी पारा लावत नाही. दुपारी पत्र्याला हात लावून बघा, आणि मग "दुपारी घराबाहेर पडू नका" ही सूचना पुन्हा वाचा. ती ज्यांच्या घराला जाड भिंती आणि वर मजला आहे त्यांच्यासाठी लिहिलेली आहे. आपल्याकडे दुपारी घर हीच भट्टी असते. स्लॅब पडला तरी सुटका नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली सोडतो.

म्हणून कामाला जाताना मांजराला आत कोंडून कडी लावू नका. चोरीची, कुत्र्यांची भीती मला कळते. पण बंद पत्र्याच्या खोलीत म्हातारं मांजर संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही. मोरीकडची खिडकी किंवा दाराखालची फट मोकळी ठेवा, नाहीतर शेजारच्या झाडाखालच्या घरी ठेवून जा. घरातली सगळ्यात गार जागा कुठली हे मांजराला विचारा. ते जिथे जाऊन पडतं तीच. बहुतेक घरांत ती मोरी किंवा माठाखालची ओल असते. तिथं ओलं करून पिळलेलं गोणपाट टाका. आणि आजीची बाजही त्याच बाजूला सरकवा. मनीच्या घरी आम्ही हेच केलं.

पाणी एका जागी ठेवून भागत नाही, कारण गुडघे दुखणारं मांजर तिथवर जातच नाही. मातीच्या दोन-तीन पसरट परळी घ्या, जिथं ते झोपतं तिथून चार पावलांवर ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. नळ येईल त्या दिवशी भरून ठेवण्यातलं पाणी आहे, मला माहीत आहे. पण मांजर दिवसाला पेलाभरही पीत नाही. जवळच पाटीत माती किंवा वाळू ठेवा, म्हणजे शी-लघवीसाठी उन्हात जावं लागणार नाही. लघवीवर लक्षही राहतं. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, तर तो दिवस उजाडायची वाट बघायचा आजार नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

कुलरविषयी एक. मांजरांना कुलरच्या टाकीतलं पाणी प्यायला आवडतं. पत्र्याच्या बॉडीच्या कुलरला अर्थिंग नसेल तर तो माणसाला आणि मांजराला दोघांनाही मारतो, आणि पाणी भरताना, पुसताना बटण बंद करून पिन काढल्याशिवाय हात लावायचा नाही. कुलर चालू असताना समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो आणि गारवा येत नाही.

खाण्याचं सोपं आहे. थोडं थोडं, पहाटे आणि रात्री, आणि ओलं. दुपारचं अन्न तासाभरात आंबतं, मुंग्या लागतात. दूध पाजू नका. मांजर आणि दूध ही जोडी गोष्टीतली आहे. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आहे ते पाणीही जातं. बाजारातले बोंबील, सुकट खारट असतात, ते भिजवून, दोन पाणी काढून, उकडून त्याचं पाणी भाताबरोबर द्या. कांदा-लसणाचा रस्सा नको. कांद्यानं मांजराचं रक्त बिघडतं.

आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. मांजराचं अंग तापलं की आपल्याकडे घरातली तापाची गोळी चुरून पाजतात. मी हे तीन घरांत पाहिलं आहे, आणि तिन्ही मांजरं गेली. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन, डोलो वगैरे, मांजराला विष आहे. ते औषध मोडून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. एक गोळी पुरते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्याही नकोत, त्या म्हाताऱ्या मूत्रपिंडाला संपवतात. दुसरं, पिसवा झाल्या म्हणून गुरांची किंवा कुत्र्याची गोचीड पावडर लावू नका. त्यातल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. मांजर ते चाटतं, थरथरतं, झटके येतात. आणि उन्हानं तापलेल्या शरीराचा ताप गोळीनं उतरतच नाही, माणसाचासुद्धा. बाहेरून गार करावं लागतं. उन्हाचा झटका आलेल्या आजोबांना क्रोसिन देऊन झोपवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना सावलीत आणा, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

मांजराचंही तसंच. धाप, लाळ, लडखडणं, उलटी, डोळे लावून पडणं यातलं काही दिसलं की सावलीत घ्या. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चटका देतं, ते वापरू नका. हौदातलं साधं पाणी पोटाला, काखेत, पंजांना, कानांना लावा आणि वारा घाला. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवूनही देऊ नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर परळ तोंडाजवळ ठेवा, पण चमच्यानं पाणी ओतू नका, छातीत जातं. धाप थांबली की ओलं करणं थांबवा आणि डॉक्टरकडे न्या, कारण बरं दिसणारं मांजर दुसऱ्या दिवशी आतून ढासळतं. न्यायचं ते गोणीत कोंबून नव्हे, भाजीच्या टोपलीवर ओलं फडकं बांधून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, मांजर घेऊन गेलं की लोक हसतात. मलाही एकदा एका ठिकाणी ऐकवलं होतं, "सिस्टर, माणसांचं सोडून हे काय?" मी मांजर टेबलावर ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. घाबरलेलं मांजर चावलं, ओरबाडलं तर ती जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावायचा नाही.

चुना पत्र्यावर लावायचा. अहमदाबादनं २०१० च्या लाटेत माणसं गमावली, २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग द्यायचा कार्यक्रम घेतला. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्याकडे २०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावून कामगारांसाठी पाणी-पंख्याचे आदेश काढावे लागले. आदेश चांगलाच, पण पत्रा काही आदेशानं गार होत नाही. वस्ती सुधारणेच्या निधीतून कमानी आणि पेव्हर ब्लॉक होतात. एका उन्हाळ्यात सगळ्या वस्तीच्या पत्र्यांना पांढरा हात का होऊ नये? हा प्रश्न आपण वॉर्डातल्या नगरसेवकाला लेखी विचारावा, पोच घेऊन. आणि विहाराचं दार अकरा ते पाच उघडं ठेवावं, आत माठ, बाहेर परळ. आमच्या समितीत यावर वाद झाला. मांजरं घाण करतील, असं दोन काकांचं म्हणणं. शेवटी परळ धुवायची पाळी पोरांनी घेतली आणि विषय मिटला. त्या काकांपैकी एक आता दुपारी तिथंच झोपायला येतात.

मनी त्या मे महिन्यात वाचली. डॉक्टरांनी चार दिवस कातडीखाली सलाईन दिलं, मूत्रपिंड निम्मं गेलंय म्हणून सांगितलं. ती दिवाळीच्या आधी गेली, थंडीत, आजींच्या पायाशी. आजी आहेत. त्यांच्या बाजेखाली आता तांब्या झाकून असतो, आणि मुलानं घरामागे संडास बांधायला काढला आहे. परळ अजून मोरीजवळच आहे. शेजारचा एक कानतुटका बोका येतो, त्याच्यासाठी.