परिभाषा कोणासाठी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद योग्यच होता. परंतु भाषेची खरी परीक्षा गौरवसमारंभात होत नसते, ती तलाठ्याच्या टेबलावर आणि महाविद्यालयाच्या वर्गात होते. इंग्रजी शब्दांना संस्कृत पर्याय घडवून तयार केलेली परिभाषा तेथे कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

हा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातला 'सचिव' आज मंत्रालयात सुखाने नांदतो आहे; पेशव्याला मात्र 'प्रधान' हे नाव देऊनही पुढचे शतकभर लोक पेशवाच म्हणत राहिले. भाषा संचालनालयाच्या १९६२ च्या पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून टवाळी झाली. तरीही संचालक, आयुक्त, अभियंता हे शब्द आज कोणालाही खटकत नाहीत. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' हेही असेच रुळले.

तेव्हा शब्द संस्कृत आहे म्हणून तो मरतो, हे खरे नाही; आणि संस्कृत आहे म्हणून तो जगतो, हेही खरे नाही. सातबाऱ्याचा उतारा पाहावा. त्यातील गाव नमुना सातचे नाव 'अधिकार अभिलेख पत्रक', तर नमुना बाराचे 'पिकांची नोंदवही'. पहिले नाव इंग्रजी शब्दांचे भाषांतर आहे, दुसरे त्या कागदाच्या कामाचे वर्णन आहे. दुसऱ्यासाठी दुभाषी लागत नाही. शेतकऱ्याने तर दोन्ही नावे बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवरून 'सातबारा' हा शब्द घडविला, आणि तोच सर्वतोमुखी झाला.

अर्थशास्त्रातही हेच दिसते. मागणी, पुरवठा, भांडवल, नफा, मक्तेदारी, तेजी, मंदी हे शब्द बाजारपेठेतून आले. जळगावच्या विद्यार्थ्याला केळीच्या वा कापसाच्या भावावरून ते सहज उमगतात. 'सीमान्त उपयोगिता' त्याला पाठ करावी लागते. पुढे 'सीमान्त शेतकरी' भेटला की तो गावाच्या शिवेवरचा शेतकरी असावा, असे त्याला वाटते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द होता, म्हणून मराठीतही एकच आला. वास्तविक हेक्टरभर किंवा त्याहून कमी जमीन असलेल्या या शेतकऱ्यासाठी 'अत्यल्पभूधारक' हा शब्द रूढ आहे. तोही संस्कृतच; पण तो ऐकताच अर्थ कळतो. दोष संस्कृतचा नाही. वस्तूऐवजी इंग्रजी शब्दाचे भाषांतर करण्याच्या सवयीचा आहे.

या सवयीची किंमत खानदेशासारख्या प्रदेशाला अधिक मोजावी लागते. घरी अहिराणी बोलणारा धुळ्याचा मुलगा शाळेत प्रमाण मराठी शिकतो, महाविद्यालयात संस्कृतप्रचुर परिभाषा घोकतो आणि पुढील अभ्यासासाठी तीच संज्ञा पुन्हा इंग्रजीत शिकतो. विचार करण्याची शक्ती शब्द ओलांडण्यातच खर्च होते. ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले, त्याच्या परिसरात तरी याचा विचार व्हावयास हवा.

यासाठी संस्कृतचा त्याग करण्याचे कारण नाही, आणि प्रत्येक इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलणे हाही उपाय नव्हे. शब्द कोशात जाण्यापूर्वी तो कारकुनाला लिहिता येतो का, शिक्षकाला उदाहरणाने समजावता येतो का, आणि ज्याच्या अर्जावर तो छापला जाणार त्याला कळतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. मराठी धातूंचा कोश रचणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाची संस्था धुळ्यातच आहे. घडणीचे साहित्य मराठीच्या घरातही आहे, याची आठवण त्यांच्या त्या कामाने राहावी. राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्यकारभार लोकांना कळावा, हाच लोकभाषेतील कारभाराचा हेतू. तो कळण्यासाठी लोकांना पुन्हा कोश उघडावा लागत असेल, तर इंग्रजी गेली एवढेच झाले. मराठी आली असे म्हणता येणार नाही.