लेव्हल वाढते म्हणजे काय वाढते?

खेळाच्या मंचावरील आपल्या खात्याची 'लेव्हल' वाढवीत राहण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न मराठी साहित्याच्या अध्यापकांनी चर्चेला घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्यापैकी एकजण जळगावला शिकवतो, दुसरी धुळ्याला; दोघांच्याही वर्गांत शेवटच्या दोन बाकांवर जे दबक्या आवाजातले संभाषण चालते त्यात बऱ्याचदा हाच विषय असतो. "तुनी लेव्हल कितली शे?" हा प्रश्न अहिराणीत इतका सहज रुळला आहे की तो परका वाटेनासा झाला आहे. जो शब्द बोलीत मुरतो त्यामागे एक मूल्यकल्पनाही मुरत असते, आणि मूल्यकल्पनांची चिकित्सा हे तर आपले कामच आहे.

आमचे मत आधीच सांगतो. या लेव्हलमागे लागण्यात अर्थ नाही. मात्र घरोघरी आणि प्राध्यापक-कक्षांत याची जी कारणे दिली जातात ती आम्हांला मान्य नाहीत. वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो ही कारणे खेळाविरुद्धची आहेत आणि ती पतंगापासून क्रिकेटपर्यंत सर्वच खेळांविरुद्ध दिली गेली आहेत. आमचा आक्षेप खेळावर नाही. उलट लेव्हल ही खेळाच्या विरोधात जाणारी गोष्ट आहे असे आमचे म्हणणे आहे.

आमचे विद्यार्थी बहुतांशी मोबाइलवर खेळतात. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाची 'बीजीएमआय' ही भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये तीही ॲपच्या दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. या खेळात खेळाडूच्या नावापुढे दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे दर्जा: ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे चढत जाऊन शेवटी 'कॉन्करर', जो पहिल्या पाचशेंनाच मिळतो. हा दर्जा हरल्यावर घसरतो आणि हंगाम बदलला की पुन्हा खाली येतो. दुसरी गोष्ट म्हणजे खात्याची लेव्हल. ती कधीच खाली येत नाही. तुम्ही उत्तम खेळा, वाईट खेळा, विमानातून उतरताच मारले जा. अनुभवगुण थोडेफार मिळतातच आणि आकडा पुढे सरकतोच. म्हणजे दर्जा काही प्रमाणात कौशल्य मोजतो, तर लेव्हल मुख्यतः हजेरी मोजते.

संगणकावरील 'स्टीम' या मंचाने तर हजेरीचीही अट ठेवलेली नाही. तिथे २०१३ पासून खात्याला लेव्हल आहे. ती वाढते बिल्ल्यांवर, आणि बिल्ले बनतात चित्रपत्त्यांच्या संचांवर. एखादा खेळ खेळून त्याच्या संचातले सुमारे निम्मे पत्ते मिळतात. उरलेले अदलाबदलीने मिळवायचे किंवा बाजारातून विकत घ्यायचे. एका बिल्ल्याला साधारण शंभर गुण. पहिल्या दहा लेव्हल शंभर-शंभर गुणांच्या, पुढच्या दहा दोनशे-दोनशेच्या, अशी चढण वाढत जाते. हिशोब केला तर शंभराव्या लेव्हलला पोचायला ५५,००० गुण, म्हणजे शंभर गुणांचे ५५० बिल्ले लागतात. पत्ते विकत घेणाऱ्याला एकही खेळ न खेळता तिथवर जाता येते! बदल्यात काय मिळते? मित्रयादीत दर लेव्हलला पाच जागा, दर दहा लेव्हलना पानावर सजावटीची आणखी एक चौकट. लेव्हल वाढल्याचे दाखवण्यासाठी थोडी अधिक जागा, एवढाच त्याचा अर्थ.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या कल्पनेचा उगम पाहणे उद्बोधक ठरेल. खेळातील 'लेव्हल' आणि 'अनुभवगुण' या दोन्ही कल्पना रूढ केल्या १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एकजण कथा सांगतो, इतर त्या कथेतील पात्रे होतात. तिथे लेव्हल पात्राची असते. पात्र संकटांतून जाते, त्यातून त्याच्या अंगी काही नवे बळ येते आणि त्यामुळे पुढची कथा बदलते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर लेव्हल ही तिथे कथानकाचा घटक आहे. पात्रविकासाचे ओबडधोबड पण प्रामाणिक परिमाण आहे. खात्याची लेव्हल मात्र कथेबाहेर आहे. खाते हे पात्र नव्हे, त्याला ना संकट ना परिवर्तन. २००५ च्या सुमारास खेळयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी सर्व खेळांचा मिळून एकच गुणांक देण्यास सुरुवात केली, आणि तेव्हापासून आकडा कथेपासून सुटा झाला. कादंबरी न वाचता तिची पृष्ठसंख्या आपल्या नावावर जमा करण्यासारखेच हे आहे.

मराठी परंपरेत चढणीच्या खेळाचे याहून कितीतरी प्रगल्भ रूप आहे, ते म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. तिच्या ऐतिहासिक आधाराचा प्रश्न इथे बाजूला ठेवू. त्या पटावर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असतात, शिड्या वर नेतात आणि साप खाली आणतात. पार वर पोचलेल्यालाही साप सोडत नाही, किंबहुना तिथले साप अधिक लांब असतात. म्हणजे हा पट ज्यांनी रचला त्यांना पातळी या कल्पनेत पतनाची शक्यता गृहीत धरावीशी वाटली. ज्या चढणीवरून घसरता येत नाही तिला चढण म्हणायचे कशाच्या आधारावर? खात्याच्या लेव्हलमध्ये साप नाहीत, म्हणून तिच्यात खेळही नाही. रॉजे काय्वा यांनी १९५८ च्या ग्रंथात खेळाच्या लक्षणांत अनिश्चिततेचा समावेश केला तो याच जाणिवेतून. निकाल आधीच ठरलेला असेल तर तो खेळ राहत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने यावर एक चांगला आक्षेप घेतला. ते म्हणाले, मोजणे हीच जर अडचण असेल तर जपाचे काय? समर्थ रामदासांनी टाकळीला तेरा कोटी जप केला असे परंपरा सांगते. वारकरी आपल्या वाऱ्या मोजतो. तिथेही आकडा फक्त वाढतच जातो. आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही त्यावर बरेच दिवस बोलत होतो. आमच्या मते फरक असा की जपाची संख्या करणाऱ्यापाशी राहते. ती संपली, विसरली, माळ हरवली, तरी जे काही घडले असेल ते त्या माणसात घडलेले असते. (काही घडले नसेल तर तेही त्याला ठाऊक असते.) खात्याची लेव्हल खेळाडूपाशी नसते, ती दूरच्या सर्व्हरवर असते, आणि करारातील बारीक अक्षरे वाचली तर खाते खेळाडूच्या मालकीचे नसून त्याला ते वापरण्याची केवळ परवानगी आहे, असे तिथे लिहिलेले आढळते. ३० ऑक्टोबर २०२० रोजी पब्जी मोबाइलची भारतातील सेवा थांबली तेव्हा आमच्या वर्गातील मुलांची दोन-दोन, तीन-तीन वर्षांची लेव्हल एका दिवसात दिसेनाशी झाली. पुढे नव्या आवृत्तीत जुने खाते आणण्याची मुभा काही मुदतीपुरती मिळाली. ती बातमी ज्यांना वेळेत कळली नाही त्यांची लेव्हल गेली ती गेलीच.

आता मुलांना शहाणपण शिकवणाऱ्या आमच्या व्यवसायाकडे पाहू. सहायक प्राध्यापक 'ॲकॅडेमिक लेव्हल' १० वर रुजू होतो. मग ११, १२, सहयोगी प्राध्यापक झाल्यावर १३-ए आणि प्राध्यापकपदी १४. हा शब्द आम्ही रूपकाने वापरत नाही, सातव्या वेतन आयोगानंतरच्या वेतनकोष्टकात तो अधिकृतपणे आहे. २०१० च्या विनियमांनी चर्चासत्र, निबंध, पुस्तक, समितीकार्य या सर्वांना गुण लावून दिले. २०१८ मध्ये त्याचे रूप पालटले, पण निबंधांची मोजदाद राहिली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदही झाली. या काळात मराठी समीक्षेवर काय परिणाम झाला हे ज्यांनी चर्चासत्रांच्या जाडजूड पुस्तिका चाळल्या आहेत त्यांना सांगायला नको. यादीत येण्यासाठी नियतकालिक वेळच्या वेळी निघणे आवश्यक होते. साठोत्तरी मराठी साहित्याला ज्यांनी कलाटणी दिली ती लघुअनियतकालिके, आपल्या खान्देशच्याच भालचंद्र नेमाड्यांनी संपादिलेला 'वाचा' धरून, या कसोटीवर सपशेल शून्य ठरली असती.

तरीही आमची लेव्हल आणि विद्यार्थ्यांची लेव्हल सारखीच, असे म्हणून विषय संपवणे सोपे पण खोटे होईल. आमच्या लेव्हलला पगार जोडलेला आहे; तिच्यामागे जाणाऱ्याला घर चालवायचे असते. तिच्यात निदान एक कठोर व्यवहार आहे. खात्याच्या लेव्हलमागे तोही नाही. म्हणूनच तिच्यामागे धावणाऱ्या मुलाला काय हवे असते हे शोधणे अधिक महत्त्वाचे. आमच्या समजुतीप्रमाणे त्याला कुणीतरी आपली नोंद घ्यायला हवी असते. शिरपूर, चोपडा, साक्रीकडच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलाला परीक्षेचे गुण मिळतात वर्षातून दोनदा, नोकरीच्या जाहिराती निघतात आणि रखडतात. त्याच्या रोजच्या श्रमाची रोज नोंद घेणारी एकच यंत्रणा त्याच्या खिशात आहे. ती खोटी आहे हे सांगताना खरी कोणती हे आम्हांला दाखवता आले पाहिजे.

नोंद कशी घेतली जाते याचे एक उदाहरण जळगावच्याच इतिहासात आहे. १९०७ साली इथे भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली. तो एक बिल्लाच होता. फरक इतकाच की तो देणाऱ्यांनी कविता ऐकली होती. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. मधल्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी जे लिहिले ते त्या पदवीत मावणारे नव्हते. 'औदुंबर' लिहिणारा कवी बाल कसा म्हणावा? पदवी नावाला चिकटून राहिली आणि कविता कितीतरी पुढे निघून गेली. चांगला बिल्लाही इतपतच उपयोगाचा असतो.

व्यवहाराचे थोडे बोलून थांबतो. लेव्हल वाढलेली आयडी विकण्याचा धंदा आता आपल्या शहरांतही पोचला आहे. असा व्यवहार खेळाच्या नियमांत बसत नाही, खाते बंद झाल्यास दाद कुठे मागता येत नाही आणि अनेकदा आयडीही जाते व पैसेही. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण लेव्हलच्या खेळात पैसे जिंकायचे नसल्यामुळे त्यांना ती बंदी लागू होत नाही. आखाजीला खान्देशात पत्त्यांचे डाव रंगतात; त्यांचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही, पण तिथे हरणाऱ्याला आपण किती हरलो हे संध्याकाळपर्यंत कळलेले असते.

गेल्या वर्षी निबंधलेखनाच्या तासिकेला आम्ही दोघांनीही आपापल्या वर्गांना 'मी खेळलेला एक डाव' हा विषय दिला. सत्तरेक निबंध आले. त्यांत मागे राहून मित्राला वाचवणारे होते, शेवटच्या दोघांत उरल्यावर हात थरथरणारे होते, रात्री शेतात मोटार सुरू करायला गेल्यावर बांधावर बसून खेळलेला एक डावही होता आणि तो अप्रतिम होता. आपली लेव्हल किती हे एकाही निबंधात आले नव्हते.