इशारा नंबरावर पाठवायचा की गावावर?

कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडले की पाण्याचा रस्ता ठरलेला असतो. हेळवाक, पाटण, कराडचा प्रीतिसंगम आणि तिथून कृष्णेतून थेट सांगलीचा आयर्विन पूल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, ते सांगलीकर अजून विसरलेले नाहीत. पाण्याआधी पोचायला हवी ती पाण्याची बातमी. तिचा रस्ता मात्र कोयनानगरच्या कार्यालयापासून नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत कसा जातो, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सध्या ती मुख्यतः व्हॉट्सॲपवरून जाते. सिंचन विभागाचं टाइप केलेलं पत्र, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो: पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. हा फोटो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवरून भावकीच्या ग्रुपवर, तिथून मुंबईकरांकडे आणि मुंबईहून काळजीच्या चार ओळींसह परत गावात. वाटेत कुणी स्क्रीनशॉट काढतो, कुणी कडा कापतो. शेवटी हातात येतो तेव्हा वरची तारीख गेलेली असते आणि आकडा २१०० आहे की २१,००० हे डोळे बारीक करून बघावं लागतं. मागच्या पावसाळ्यातलं पत्र या पावसाळ्यात फिरायला तर काहीच लागत नाही.

मग सरकारने इशारा पोचवण्याचं काम मोबाइल कंपन्यांवर सोपवावं, की व्हॉट्सॲपवरच विसंबून राहावं? या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत दम आहे.

चित्र पाठवण्याची स्वतःची सोय मोबाइल कंपन्यांकडे वीस वर्षांपूर्वीच होती. एमएमएस. आपल्याकडे हे नाव भलत्याच कारणांनी गाजलं, पण आतली रचना विचारपूर्वक केलेली होती. पाठवणाऱ्याच्या कंपनीचं केंद्र फोटो आधी स्वतःकडे ठेवून घेई. मग ज्याला पाठवायचा त्याचा नंबर कुठल्या कंपनीचा आहे हे शोधी आणि त्या कंपनीच्या केंद्राकडे साध्या ईमेलच्याच पद्धतीने तो धाडी. नंबर, मग ॲट द रेटचं चिन्ह आणि पुढे त्या कंपनीच्या जाळ्याचं नाव, असा तो पत्ता. पलीकडचं केंद्र घेणाऱ्याच्या फोनला गुपचूप खबर देई आणि फोन फोटो उतरवून घेई. फोन जुना असेल तर फोटोऐवजी लिंकचा एसएमएस येई.

यातली मेख एकच: नंबर कुणाचा हे अचूक कळलं पाहिजे. पूर्वी ते पोराटोरांनाही कळे. ९४२२ किंवा ९४२३ असेल तर बीएसएनएल, ९८२२ म्हणजे आयडिया, ९८९० एअरटेल. २०१० च्या नोव्हेंबरात हरियाणातून आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली आणि हे आकडे खोटे बोलू लागले. जुलै २०१५ पासून तर सर्कल बदललं तरी नंबर तोच राहतो. त्यामुळे आज तुम्ही कुणालाही फोन लावा, तुमच्या कंपनीला आधी यादीत बघावं लागतं की हा नंबर सध्या कुणाच्या दारात आहे. तिथून मिळालेला चार आकडी कोड पुढे जोडला की मगच फोन वाटेला लागतो. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्या यंत्रणेचं यश. एका कंपनीने दुसरीचा निरोप अडवायचा नाही आणि वाट शोधण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, हा शिस्तीचा कारभार आहे. त्याच्यामागे ट्रायसारखी नियामक संस्था आहे, जाब विचारायला कुणीतरी आहे. कंपन्यांच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा सगळ्यांत वजनदार.

तरी एमएमएस हरला आणि तो हरायलाच हवा होता. एका फोटोला काही रुपये, आकाराची मर्यादा, फोनमध्ये सेटिंग भरल्याशिवाय काही येणार नाही आणि भरूनही येईल याची खात्री नाही. व्हॉट्सॲपने मोबाइल नंबरच पत्ता म्हणून उचलला, पण तो कुठल्या कंपनीचा हा प्रश्नच काढून टाकला. डेटा सुरू असला की झालं. पाटण तालुक्यातल्या वाडीवरची आजी नातवाचा फोटो बघते तो याच सोयीमुळे, आणि तिला एमएमएसच्या शिस्तीचं कौतुक सांगून उपयोग नाही.

पण कंपन्यांमधल्या भिंती व्हॉट्सॲपने पाडल्या म्हणताना हेही बघावं लागतं की त्याने सगळ्यांना एकाच वाड्यात आणून बसवलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला त्या वाड्याचं दार सुमारे सहा तास बंद पडलं आणि जगभर एकाच वेळी शांतता झाली. एसएमएस त्या दिवशी चालू होते. तो दिवस महापुराचा नव्हता हे आपलं नशीब. युरोपीय संघाने कायदा करून २०२४ च्या मार्चपासून व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडायला लावलं आहे. आपल्याकडेही तसं करावं अशी मागणी ऐकायला बरी वाटते. पण आपल्या एसएमएसच्या पेटीत रोज काय येऊन पडतं ते बघा. मोकळं दार म्हणजे कर्ज देणारे, प्लॉट विकणारे आणि लॉटरी लागल्याचं सांगणारे सगळे आत. म्हणूनच तर ट्रायला २०१८ च्या नियमांनी व्यापारी संदेशांना नोंदणी सक्तीची करावी लागली. दार उघडा, पण पाठवणारा कोण हे पक्कं झाल्याशिवाय नको, इतपतच मी या मागणीबरोबर जाईन.

आणि खरं सांगायचं तर पुराच्या दिवशी नंबर हा पत्ताच चुकीचा आहे. तहसील कार्यालयातल्या यादीत ज्यांचे नंबर आहेत त्यांतले कितीतरी फोन घाटकोपर नाही तर कोपरखैरण्यात वाजतील. उलट त्याच वेळी कुंभार्ली घाटात अडकलेला ट्रकवाला किंवा कोयनानगरला फिरायला आलेलं पुण्याचं कुटुंब कुठल्याच यादीत नसतं. त्यांना इशारा द्यायचा तर तो माणसाच्या नावे नव्हे, टॉवरच्या नावे द्यायला हवा. ही सोय आता आहे. २०२३ मध्ये अचानक सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे ओरडले आणि अनेक जण घाबरले, ती या सेल ब्रॉडकास्टचीच चाचणी होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉटने उभी केलेली ही यंत्रणा ठरलेल्या भागातल्या टॉवरवरून एकाच वेळी सगळ्या फोनना संदेश टाकते. नंबर शोधणं नाही, कंपनी शोधणं नाही, लाइन भरून जाणं नाही.

तिच्या मर्यादाही लहान नाहीत. ती एकतर्फी आहे. पाणी कुठवर आलं हे गावाला उलट कळवता येत नाही. भोंगा वारंवार वाजला तर लोक तो बंद करून टाकतील. भूकंपाला तर ती जवळपास निरुपयोगी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर झोपेत होतं, तसा धक्का आज आला तरी भूकंपकेंद्राजवळच्या माणसाच्या हाती काही सेकंदही लागायचे नाहीत. शिवाय इशाऱ्याचा नकाशा जिल्ह्याच्या हद्दीने आखून चालणार नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखालून पश्चिमेलाही जातं. कोळकेवाडीमार्गे ते वाशिष्ठीला मिळतं, आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये कोळकेवाडीच्या विसर्गावरून किती वाद झाला ते आपण ऐकलं आहे. सातारा, सांगली आणि रत्नागिरी असा तीन जिल्ह्यांचा हा मामला आहे.

सगळ्यांत मोठा खड्डा मात्र वेगळाच. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते तुटले, वीज गेली, फोन गेले. टॉवरच मेला तर एमएमएस काय, व्हॉट्सॲप काय आणि भोंगा काय. घाटाखालच्या भागात एका वळणावर एका कंपनीची रेंज, पुढच्या वळणावर दुसरीची, असा अनुभव येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आहे. अशा वेळी ज्या कंपनीचा टॉवर जिवंत असेल त्यावर बाकीच्यांचे फोन चालले पाहिजेत. हे स्वप्न नाही. २०२३ च्या बिपरजॉय वादळात गुजरातमध्ये तसा आदेश निघाला होता आणि जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या फोर-जी टॉवरवर तो कायमचा केला आहे. कंपन्या म्हणतात, आमच्या पैशाने बांधलेला टॉवर फुकट का द्यायचा, आणि सगळे एकाच टॉवरवर तुटून पडले तर आमच्याच ग्राहकाला लाइन मिळणार नाही. पहिल्या तक्रारीला भाड्याचा दर ठरवणं हे उत्तर आहे. दुसरी खरी आहे. म्हणूनच ही सक्ती बारमाही नको, आपत्ती जाहीर झालेल्या दिवसांपुरती हवी, आणि त्या दिवसांत बोलणं व एसएमएस आधी, व्हिडिओ नंतर.

तेव्हा क्रम माझ्या मते असा: पहिला इशारा टॉवरवरून, मराठीत, तारीख-वेळेसह, त्यानंतर नोंदणीकृत नावाने एसएमएस. फोटो, पत्रक आणि चर्चा व्हॉट्सॲपवर खुशाल चालू द्या, पण अधिकृत इशारा म्हणून तो फोटो धरू नये. सिंचन विभाग आणि तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी दर वर्षी मे महिन्यात कोयनानगर ते सांगली आणि खाली चिपळूणपर्यंत एक चाचणी संदेश टाकावा आणि कुठल्या गावात, कुठल्या कंपनीच्या सिमवर तो किती वाजता आला किंवा आलाच नाही, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. खर्चाचं काम नाही, लाज वाटण्याचं आहे, आणि म्हणूनच ते होईल.

आपल्या हातातलं काम त्याहून सोपं. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांचं बटण असतं. २०२३ च्या भोंग्याला वैतागून ते बंद केलं असेल तर पावसाळ्याआधी चालू करा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांचा फोनही एकदा बघा.